मृतांची हजेरी

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, कोलंबस शहरालगतच्या फोर्ट बेनिंग या लष्करी छावणीच्या दरवाजाशी १९९० साली मूठभर माणसांनी जी निदर्शने आरंभली आणि जी पुढे पाव शतक दर नोव्हेंबरात भरत राहिली, त्यांत महाविद्यालयांतील विद्यार्थी इतक्या दुरून आणि इतक्या निष्ठेने का येत, हे उमजण्यासाठी आधी एका शाळेची आणि मग एका रात्रीची हकिकत सांगितली पाहिजे.

शाळा म्हणजे ‘स्कूल ऑफ द अमेरिकाज’. १९४६ साली पनामात स्थापन झालेल्या व १९८४ मध्ये या छावणीत आणलेल्या या संस्थेत लॅटिन अमेरिकेतील साठ हजारांवर सैनिकांनी व अंमलदारांनी तालीम घेतली. तेथील स्पॅनिश पाठपुस्तिकांत छळ आणि हत्या यांना संमती देणारा मजकूर होता, ही गोष्ट १९९६ मध्ये खुद्द अमेरिकेच्या संरक्षण खात्याला आपले दप्तर उघडून जाहीर करावी लागली.

रात्र १६ नोव्हेंबर १९८९ ची. एल साल्वादोरच्या राजधानीतील, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या विद्यापीठात फौजेची तुकडी शिरली आणि यादवी युद्ध वाटाघाटींनी मिटवावे असे सांगणारे कुलगुरू इग्नासिओ एलाकुरिआ, त्यांचे पाच सहकारी धर्मगुरू, स्वयंपाकीण एल्बा रामोस व तिची सोळा वर्षांची मुलगी सेलिना यांना तिने गोळ्या घातल्या. लढाईच्या भयाने त्या मायलेकी विद्यापीठातच निवाऱ्याला राहिल्या होत्या. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाच्या १९९३ च्या अहवालात या हत्याकांडासाठी ज्या सव्वीस जणांवर ठपका आला, त्यांतील एकोणीस याच शाळेत शिकलेले होते.

म्हणून जेझुइट विद्यापीठांतील विद्यार्थी (मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय ज्या संघाने स्थापले, तोच हा संघ) गाड्या भरभरून येत आणि चॅटाहूची नदीकाठच्या तंबूत व्याख्याने ऐकत. मारले गेलेले आपल्याच गुरुकुळातील अध्यापक होत, ही त्यांची भावना. काही निदर्शक जाणूनबुजून छावणीची हद्द ओलांडीत आणि सहा महिन्यांपर्यंतची कैद शांतपणे पत्करीत. सत्याग्रहाखेरीज त्याला दुसरे नाव मला सुचत नाही.

२००१ मध्ये शाळेचे नाव बदलले, मानवी हक्कांचे पाठ सक्तीचे झाले. आणि थोड्या गुन्हेगारांचा दोष संस्थेच्या माथी मारू नये, असे तिचे कैवारी म्हणत राहिले. परंतु ज्या शाळेने बोलिव्हियाचा हुकूमशहा ऊगो बान्सेर याला आपल्या मानाच्या दालनात स्थान दिले, तिने इतर विद्यार्थ्यांच्या कृत्यांशी आपला संबंध नाही म्हणावे, हे मला मुळीच पटत नाही.

निदर्शनांच्या रविवारी सकाळी, मृतांची नावे लिहिलेले पांढरे लाकडी क्रूस हाती घेतलेली मिरवणूक संथ पावलांनी निघे. व्यासपीठावरून एकेका मृताचे नाव गायले जाई, आणि जमाव क्रूस उंचावून म्हणे, ‘प्रेसेंते’. आपल्याकडे वर्गात हजेरीच्या वेळी पोर उठून जो शब्द उच्चारते तोच, ‘हजर’. एरवी स्वतःच्या नावाला ओ देणाऱ्या मुलांनी सेलिनाच्या वतीने ओ द्यावी, यातील कारुण्य कोणत्याही भाषणाहून मोठे आहे. पुढे दरवाजासमोर जाळीचे कुंपण उभे राहिले. मिरवणूक तेथे थांबे, जो तो आपला क्रूस त्या जाळीत खोवी, आणि दुपारपर्यंत तारा दिसेनाशा होऊन नुसती नावे दिसत.