माथेरानच्या घोड्यावर बसायच्या आधी घोड्याकडे एकदा नीट बघा

ईदची किंवा शाळेची सुट्टी लागली की मुंब्रा, भिवंडी, कुर्ला, पनवेल इथली आपली कितीतरी कुटुंबं माथेरानला निघतात. नेरळहून टॅक्सी करायची, दस्तुरी नाक्यावर उतरायचं, आणि तिथून पुढे मोटारगाडी बंद. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या या गावात रुग्णवाहिकेसारखी तातडीची वाहनं सोडली तर मोटारींना परवानगी नाही. मग बहुतेकांसमोरचे पर्याय म्हणजे पायी चालणं, अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेन, नाहीतर घोडा. (नेरळ-माथेरानची ही छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली ती मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशातून आणि मेहनतीतून. आपल्या मुलांना हे सांगायला हरकत नाही.) पण मुलांना ट्रेनही नको असते आणि चालणं तर मुळीच नको. त्यांना घोडा पाहिजे.

घोडा जरूर घ्या. आमचा विरोध नाही. मात्र माथेरानमध्ये घोड्यावरून पडून पर्यटकांचा जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत, आणि तरीही दस्तुरीवर उतरल्यावर आपण घोडेवाल्याला पहिला प्रश्न विचारतो तो "कितने का?" हाच. घोड्याकडे कुणी बघतच नाही.

आम्हीही बघितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आम्ही भावंडं मुलाबाळांसह गेलो होतो. भाव तुटेपर्यंत घासाघीस केली, पाच घोडे घेतले आणि निघालो. बहिणीची नऊ वर्षांची मुलगी ज्या घोड्यावर होती त्याचं खोगीर एका उतारावर हळूहळू एका बाजूला सरकत गेलं आणि पोरगी त्याच्यासोबत खाली आली. घोडेवाला त्याच बाजूला होता, त्याने झेललं, म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं. खोगीर काढलं तेव्हा कळलं की पोटाखालून जो पट्टा आवळतात, ज्याला तंग म्हणतात, त्याच्या जागी घोड्याला जखम होती. ओली, लालभडक. तंग आवळला की घोडा उसळायचा, म्हणून त्या माणसाने तो सैलच ठेवला होता. आमच्या डोक्यात तेव्हापासून एक गोष्ट पक्की बसली आहे. घोड्याची काळजी आणि आपल्या मुलांची सलामती या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. त्या दिवशी जखम घोड्याला होती आणि पडली आमची पोर.

म्हणून भाव ठरवायच्या आधी दोन मिनिटं घोडा बघा. यासाठी जाणकार असण्याची गरज नाही. घोडेवाल्याला सांगा, याला दहा पावलं चालवून दाखवा. चालताना घोड्याचं डोकं एका लयीत हललं पाहिजे. पुढचा एखादा पाय टेकताच डोकं झटक्याने वर जात असेल तर त्या पायात दुखणं आहे. उभा असताना मागचा एक पाय सैल सोडून उभा राहणं ही घोड्याची आराम करायची रीत आहे, त्याची चिंता नको. पण पुढचा एक पाय पुढे काढून त्यावर भार टाकायचं टाळत असेल तर तो घोडा घेऊ नका. खुराची नाल सैल आहे का, खिळे वर आलेत का, हेही बघायला सांगा. खूर आपल्या नखासारखे वाढत राहतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून ते छाटून घ्यावे लागतात. माथेरानच्या वाटांवर हे जास्तच महत्त्वाचं आहे. लाल मातीच्या रस्त्यावर घोड्याला पाय रोवता येतो, पण जिथे पेव्हर ब्लॉक बसवले आहेत तिथे लोखंडी नाल घसरते, अशी घोडेवाल्यांची जुनी तक्रार आहे. या ब्लॉकचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

मग खोगीर थोडं उचलायला सांगा. मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा, पाठीचा कणा, आणि पुढच्या पायांमागे तंग बसतो ती जागा, या तीन ठिकाणी केस गेलेले किंवा कातडी सोललेली दिसली तर सरळ नाही म्हणा. तोंडाच्या कोपऱ्यात, लगामाची कडी घासते तिथेही बघा. बरगड्या थोड्या दिसणं एकवेळ चालेल. पण कण्याची हाडं आणि मागची पुठ्ठ्याची हाडं वर आलेली असतील तर ते जनावर उपाशी आहे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की ती लगेच सपाट व्हायला हवी. दोन-तीन सेकंद तशीच उभी राहिली तर घोड्याला पाणी मिळालेलं नाही. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी सहज लागतं, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त.

घोडेवाला चिडेल का? क्वचित. आमचा अनुभव असा की ज्याचा घोडा चांगला असतो तो उलट खूश होऊन स्वतःच खोगीर उचलून दाखवतो, दाणा काय देतो, खरारा कधी करतो ते सांगत बसतो. जो टाळाटाळ करतो त्याचा नाद सोडा.

वजनाचा विषय नाजूक आहे, पण बोलायलाच हवा. घोडा आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं ओझं आरामात नेतो, असा घोडे पाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे, आणि त्यात खोगीरही आलं. आपल्याकडच्या डोंगरवाटांवरचे घोडे काही उंचेपुरे नसतात. तीनशे किलोचा घोडा धरला तर हिशेब साठ किलोवर येतो. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत, त्यात तट्टूच्या पाठीवर ७० किलोची मर्यादा घातली आहे. सवारीसाठीही हाच आकडा डोळ्यांसमोर ठेवावा असं आम्हाला वाटतं. म्हणजे ऐंशी-नव्वद किलोच्या मामूंनी लहानग्याला पुढ्यात घेऊन एकाच घोड्यावर बसायचं, हे दोन्हीकडून चुकीचं आहे. घोड्याची पाठ जाते, आणि तोल गेला तर मोठा माणूस मुलावरच पडतो. मामूंनी चालावं. दस्तुरीहून बाजारापर्यंत अंतर काही फार नाही, सावलीही आहे.

त्याच नियमांत असंही आहे की जनावराला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त आणि मध्ये विश्रांती न देता सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जखमी किंवा आजारी जनावर कामाला लावणं, जास्त ओझं लादणं हा गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये! एवढ्या पैशात आज वर दोन कप चहा मिळणं मुश्कील. त्यामुळे या बेजुबान जनावराचा हक्क सांभाळायचा तर कायद्याच्या भरवशावर राहून चालणार नाही. गिऱ्हाईक जे मागेल तेच होणार.

आता बसायच्या वेळेचं. बसायच्या आधी तंग आवळून घ्यायला सांगा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. तंग आवळताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात, थोडं चालले की पोट सैल होतं आणि तंगही. आमच्या भाचीच्या वेळी हे माहीत असतं तर निदान शंका तरी आली असती. घोड्यावर डाव्या बाजूने चढायचं. त्याच्या नेमकं मागे कधीच उभं राहायचं नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीमागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. मुलं नेमकी तिथेच जातात, शेपटी ओढायला नाहीतर सेल्फी घ्यायला.

रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, चवड्याचा भाग टेकवायचा आणि टाच खाली झुकलेली ठेवायची. पाय आत सरकला आणि माणूस पडला तर घोडा त्याला फरफटत नेतो. घोड्यावरचे सगळ्यात भयानक अपघात असेच होतात. म्हणून चप्पल, सँडल, क्रॉक्स नको. पाय झाकणारा, थोडी टाच असलेला बूट हवा. मुलाचा पाय रिकिबीपर्यंत पोचत नसेल तर वरच्या चामड्याच्या पट्ट्यात पाय अडकवून देतात, ते अजिबात करू देऊ नका. पट्टा लहान करता येत नसेल तर ते मूल अजून घोड्याएवढं झालेलं नाही, असं समजा. लगामाचा किंवा दोरीचा फेर हाताला गुंडाळायचा नाही, मुलाला खोगीराला बांधायचं तर नाहीच.

आपल्या घरातल्या बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती बाकी कुणी सांगत नाही. घोड्याला मारापेक्षाही फडफडणाऱ्या वस्तूचा धसका जास्त. वाऱ्यावर उडणारा दुपट्टा, अबायाचा मोकळा घेर, प्लास्टिकची पिशवी डोळ्याच्या कोपऱ्यात हलली की तो एकदम बाजूला उडी मारतो. आणि लांब घेर रिकिबीत किंवा खोगीराच्या पुढच्या उंचवट्याला अडकतो, मग उतरताना माणूस लटकतो. पडद्यात राहून आरामात सवारी करता येते. आत सैल सलवार किंवा पायजमा घाला, अबाया पुढून उघडणारा असेल तर खालची बटणं सोडून दोन्ही बाजूंनी मांडीखाली नीट दाबून घ्या. हिजाब पिनांऐवजी आतून खोचलेला हवा, कारण हेल्मेटखाली पिन टोचते आणि पडल्यावर ती डोक्यात घुसू शकते. चढताना परपुरुषाचा हात नको असेल तर दगडी कट्ट्याजवळ घोडा उभा करायला सांगा. कट्ट्यावरून चढणं घोड्याच्या पाठीलाही बरं, एका बाजूला ताण येत नाही.

हेल्मेटवर वाद घालू नका. मिळत नसेल तर घरून न्या. घोडेस्वारीचं खास हेल्मेट असेल तर उत्तमच. सायकलचं हेल्मेट या कामासाठी बनवलेलं नसतं, तरी उघड्या डोक्यापेक्षा ते कितीतरी बरं. हनुवटीखालचा पट्टा लावलेला पाहिजे, नुसती टोपीसारखी घातलेली काय कामाची?

वाटेवर घोडेवाला लगाम धरून चालत असेल असंच ठरवा, एका माणसामागे एक घोडा. एकामागे तीन घोडे बांधून नेतात, त्यात पहिला बिचकला की तिन्ही बिचकतात. चढावर थोडं पुढे झुकायचं, उतारावर किंचित मागे, आणि कान बघत राहायचं. कान पुढे असले तर घोडा लक्ष देतोय. कान मागे चिकटले की तो वैतागलाय. एको पॉईंट, शार्लोट तलाव अशा गर्दीच्या जागी माकडं उतरतात, खाण्याची पिशवी हातात घेऊन घोड्यावर बसू नका. "भैया, जरा दौडाओ ना" हे तर कुणी म्हणूच नये. दुडकी चालीत नवखा माणूस उसळतो, तोल जाऊ नये म्हणून लगाम खेचतो, लोखंडाची कडी घोड्याच्या तोंडात रुतते आणि तो आणखी पळतो. पावसाळ्यात त्या निसरड्या वाटांवर मुलांना घोड्यावर बसवूच नये असं आमचं मत आहे.

कुणी पडलंच तर लगेच बखोटीला धरून उठवू नका. आधी बोलतोय का, हात-पाय हलवतोय का ते बघा. मान दुखत असेल, शुद्ध हरपली असेल, उलटी होत असेल तर हेल्मेट न काढता तसंच झोपवून ठेवा आणि १०८ ला फोन लावा. साधं खरचटलं तरी जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. घोड्याच्या लिदीत आणि ती मिसळलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात.

आणि भाव. दरफलक बघा, परवान्याचा नंबर बघा, फसवणूक होऊ देऊ नका, हे बरोबरच. पण ठरलेल्या दरातून शंभर-दीडशे तोडले म्हणजे आपण जिंकलो असं नसतं. लगाम धरणारा पुष्कळदा घोड्याचा मालक नसतो, फेऱ्यांवर पोट भरणारा मजूर असतो. मालकाला द्यायचे ते पैसे ठरलेले, घोड्याचा चणा, भुसा, गवत रोजचं, पावसाळ्यात धंदा जवळजवळ बंद. आपण तोडलेले पैसे तो एका जास्तीच्या फेरीतून काढतो. ती फेरी घोड्याच्या पाण्याच्या आणि विश्रांतीच्या वेळेतून जाते, आणि दिवसाच्या शेवटी त्या दमलेल्या घोड्यावर कुणाचं तरी मूल बसतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. भाची आधी तयारच नव्हती. मग एका म्हाताऱ्या घोडेवाल्याने तिच्याकडून घोड्याला गाजर भरवून घेतलं, तळहात सपाट ठेवून, बोटं मिटून, कारण बोटं पुढे आली तर घोडा गाजर समजून चावतो. तंग तिलाच ओढून बघायला लावला. परत आल्यावर उतरताना दोन्ही पाय आधी रिकिबीतून काढायला सांगितले, मगच खाली घेतलं. तंग एक भोक सैल केला आणि पैसे मोजायच्या आधी बादली उचलून घोड्यासमोर ठेवली. पाणी पिऊन होईपर्यंत आम्ही सगळे तिथेच उभे होतो.