ब्रीदांतील एक शब्द

युरोपांतील सरदार घराण्यांचीं कुलचिन्हें पाहूं लागलें म्हणजे सिंह, गरुड, तलवारी व बुरूज यांचीच गर्दी दिसते. हंगेरींतील बॉत्यानी घराण्याच्या ढालीवरहि सिंह आहे. तोंडांत तलवार धरून तो खडकाच्या गुहेंतून बाहेर येत आहे. परंतु त्याच खडकाच्या माथ्यावर पेलिकन पक्षी घरट्यांत पिलांना भरवीत बसला आहे. स्वतःची छाती चोंचीनें फोडून हा पक्षी आपल्या रक्तावर पिलें जगवितो, अशी ख्रिस्ती लोकांत जुनी समजूत होती. प्राणिशास्त्राला ती मान्य नाहीं. तथापि आत्मत्यागाचें चिन्ह म्हणून पेलिकन तिकडे रूढ झाला.

ढालीखालीं घराण्याचें लॅटिन ब्रीद असे : ‘फिदेलिताते एत् फोर्तितूदिने’, म्हणजे ‘निष्ठेनें व धैर्यानें’. तुर्कांशीं लढलेल्या कुळाला हें शोभण्यासारखेंच होतें. हंगेरीचे पहिले पंतप्रधान लायोश बॉत्यानी हे याच घराण्यांतले; १८४९ सालीं ऑस्ट्रियन सत्तेनें त्यांना गोळ्या घालून ठार केलें.

याच कुळांत १८७० सालीं लास्लो बॉत्यानी जन्मले. सव्विसाव्या वर्षीं त्यांनीं व्हिएन्नांत वैद्यकाचा अभ्यास आरंभिला व १९०० सालीं पदवी घेतली. १९०२ सालीं किट्झे गांवीं (हा गांव आतां ऑस्ट्रियांत आहे) त्यांनीं स्वखर्चानें पंचवीस खाटांचें रुग्णालय उघडलें. पुढें ते नामांकित नेत्रवैद्य झाले. गरिबांकडून ते पैसा घेत नसत. ‘माझ्यासाठीं एकवार प्रार्थना करा’, एवढीच त्यांची फी. उलट औषधाबरोबर पदरचे पैसेहि देत.

१९१५ सालीं चुलते वारले, आणि प्रिन्स ही पदवी, श्ट्राटमान हें जोडनांव व कर्मेंदचा वाडा लास्लो यांच्याकडे आला. प्रिन्स झाल्यावर त्यांनीं ब्रीदांतील एकच शब्द बदलला : ‘फिदेलिताते एत् कारिताते’, ‘निष्ठेनें व प्रेमानें’. १९२० सालीं ते सहकुटुंब कर्मेंदला गेले व वाड्याचा एक भाग त्यांनीं रुग्णालयाला दिला.

वडिलांचें ब्रीद बदलणें हा वडिलांचा अवमान नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. सिंहाच्याहि वर पेलिकन बसविला होता तो पूर्वजांनींच. चित्रांत जें होतें पण शब्दांत आलें नव्हतें, तें या वंशजानें शब्दांत आणलें. आणि धैर्य तरी कोठें गेलें? १९२१ सालीं एकवीस वर्षांचा वडील मुलगा गेला, तरी तेरा मुलांच्या या पित्यानें रुग्णसेवा सोडली नाहीं. साठीच्या सुमारास असाध्य अर्बुदानें गांठलें. तें दीर्घ दुखणें शांतपणें सोसून २२ जानेवारी १९३१ रोजीं त्यांनीं व्हिएन्नांत देह ठेवला. २००३ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना ‘धन्य’ म्हणून घोषित केलें.

देवघराच्या भिंतीवरील जुन्या तसबिरी आपणहि रोज पुसतों. त्यांत काय काढलें आहे, हें एकदां निरखून पाहावें.