फुलावरील कीटकाचा फोटो ओळख पटेल असा घ्या

काकडीच्या किंवा कारल्याच्या मांडवात सकाळी फेरी मारली, तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एखादी माशी फुलावर बसलेली दिसते. फळमाशी आली असे समजून काही शेतकरी लगेच पंप खांद्याला लावतात. पण ती सिरफिड माशी असू शकते. या माशीच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात आणि माशी स्वतः फुलातील मधुरस व पराग यांवर जगते. वेलवर्गीय भाज्यांत नर व मादी फुले वेगळी असतात. परागकण वाहून नेणारे कीटक नसतील, तर नेहमीच्या वाणांत फळधारणा नीट होत नाही. फुले उमललेली असताना केलेल्या फवारणीत अशा माश्यांबरोबर मधमाश्याही मरतात. म्हणून आधी फोटो काढून कृषी विज्ञान केंद्रातील किंवा विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांना दाखवावा.

अडचण अशी की, पुष्कळ फोटोंत पिवळे फूल आणि त्यावर काळसर ठिपका एवढेच दिसते. त्यावरून कोणीही सल्ला देऊ शकत नाही.

कोणती खूण दिसली पाहिजे?

फोटो सुंदर नसला तरी चालेल, खूण दिसली पाहिजे. वेलवर्गीय पिकांवरील फळमाशीच्या पंखाच्या पुढच्या कडेने तपकिरी पट्टा जातो व टोकाशी तो रुंद होतो. मादीच्या पोटाच्या शेवटी अंडी घालण्याची टोकदार नळी असते. सिरफिड माशीचे पंख बहुधा स्वच्छ, काचेसारखे असतात आणि ती हवेत एकाच जागी तरंगते. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या व लांब, कोपरासारख्या वाकलेल्या मिशा असतात; माशीला पंखांची एकच जोडी आणि सिरफिडच्या मिशा अगदी आखूड. थोडक्यात, पंख वरून आणि डोके बाजूने स्पष्ट यायला हवे.

फोटो कसा काढावा?

वेळ सकाळची, ऊन चढण्यापूर्वीची निवडावी. गारव्यात कीटकांच्या हालचाली मंद असतात व वाराही कमी असतो. दोडक्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, तेथे त्या वेळी जावे. आपली सावली फुलावर पडू देऊ नये. सावली सरकली की माशी उडते. उडालेल्या माशीच्या मागे धावण्यापेक्षा त्याच फुलाजवळ शांत बसून राहावे. पुष्कळदा ती किंवा तिची सोबतीण परत येते.

जवळून फोटो घेताना स्पष्ट दिसणारा थर फार पातळ असतो, काही वेळा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा. कीटकाकडे तिरके पाहिले तर डोके स्पष्ट आणि पंख पुसट येतात. यावर उपाय म्हणजे मोबाईलची पाठ कीटकाच्या अंगाला समांतर धरणे. पंखांसाठी मोबाईल बरोबर वर आडवा धरावा, डोक्यासाठी बाजूने उभा. पडद्यावर कीटकावर बोट दाबून ठेवल्यास बऱ्याच मोबाईलमध्ये फोकस तेथे स्थिर होतो. मग बोटाने काही न करता मोबाईल किंचित पुढे-मागे न्यावा आणि दहा-पंधरा फोटो भराभर काढावेत. त्यातला एखादा नेमका येतो, बाकीचे पुसून टाकावेत. कोपर गुडघ्यावर टेकवले तर हात थरथरत नाही. वेल हलत असेल, तर बांबूची काडी जमिनीत रोवून तिला कपड्याच्या चिमट्याने फुलाजवळचा वेल अलगद धरावा.

पडद्यावर चित्र ताणून मोठे करू नये. त्याने बारकावे वाढत नाहीत, चित्र फक्त फुटते. स्वस्त मोबाईलमधील वेगळ्या मॅक्रो कॅमेऱ्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्यासमोर १० पट भिंग धरलेले अधिक चांगले, असे आमचे मत आहे. असे भिंग कीटकापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर असावे लागते. कॅमेऱ्याची काच आधी मऊ कापडाने पुसावी. शेतात तिच्यावर धूळ असतेच.

कडक उन्हात पंख चकाकतात व खुणा नाहीशा होतात. अशा वेळी सोबत्याने फुलावर पांढरे पातळ कापड धरावे. फूल फार फिकट असेल, तर मोबाईलमधील उजेड थोडा कमी करावा.

मिरचीच्या फुलातील फुलकिडे याला अपवाद आहेत. ते एक-दीड मिलिमीटरचे असतात आणि पाकळ्यांत दडतात. फूल पांढऱ्या कागदावर झटकावे व शेजारी मोजपट्टी ठेवून भिंगातून फोटो घ्यावा. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश व तेलंगणात मिरचीवर काळ्या फुलकिड्यांचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. पण फुलकिड्यांची जात केवळ फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी काही कीटक ७० टक्के अल्कोहोलच्या लहान बाटलीत घालून न्यावेत.

कीटकाबरोबरच एक फोटो संपूर्ण वेलाचा व एक फूल-फळाचा पाठवावा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जाऊन बारीक खुणा पुसट होतात. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. सोबत पीक, वाण, गाव, तारीख आणि शेवटची फवारणी कशाची व केव्हा केली, हे लिहावे.