टीम हस्तलिखित की टीम पत्र?

'व्हेरिटी' वाचलेल्या दोन मैत्रिणींना एका कट्ट्यावर बसवा आणि फक्त एवढंच विचारा, 'खरं कोण बोलतंय?' चहा गार होईल, पण वाद संपणार नाही. 'इट एन्ड्स विथ अस'वाल्या कॉलीन हूवरची ही कादंबरी. २०१८ मध्ये तिने ती स्वतःच प्रकाशित केली होती. नेहमीची गोडगुलाबी लव्हस्टोरी समजून हातात घ्याल, तर पहिल्याच पानावर दचकाल.

न्यूयॉर्कमधली लोवेन ही पैशांची ओढाताण असलेली लेखिका. व्हेरिटी क्रॉफर्ड या गाजलेल्या लेखिकेचा अपघात झालाय आणि तिची अर्धवट राहिलेली पुस्तकमालिका पूर्ण करायचं काम लोवेनकडे येतं. नोट्स शोधायला ती क्रॉफर्ड कुटुंबाच्या व्हरमाँटमधल्या घरी राहायला जाते. तिथे तिला सापडतं व्हेरिटीच्या आत्मचरित्राचं हस्तलिखित. त्यात आपल्या जुळ्या मुलींबद्दल एका आईने लिहिलेलं वाचून अंगावर काटा येतो. त्या दोन्ही मुली आता या जगात नाहीत. व्हेरिटी वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आणि खाली लोवेन तिच्याच नवऱ्याच्या, जेरेमीच्या, प्रेमात पडत चाललेली!

शेवटी एक पत्र येतं आणि सगळा डाव उलटतो. त्यात काय आहे, ते सांगत नाही. पण खरी गंमत त्याच्या आधीच झालेली असते. व्हेरिटी ही खलनायकाच्या नजरेतून गोष्टी लिहिण्यासाठीच प्रसिद्ध आहे, हे आपल्याला सुरुवातीलाच कळतं. तरीही हस्तलिखितातला शब्द न् शब्द आपण खरा मानतो. का? कारण ते वाचणारी लोवेन जेरेमीवर भाळलीय, आणि तिच्याबरोबर आपणही. तो चांगला बाबा आहे, शांत बोलतो, दिसायला छान. मग वाईट कोण? अर्थात, बायको!

मला हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं ते इथे. ब्रेकअपनंतर ग्रुपवर फिरणारे चॅटचे स्क्रीनशॉट आठवा. एकाच बाजूचे चार मेसेज वाचून 'ती तसलीच आहे' असा निकाल आपण किती पटकन देतो! जिला बोलता येत नाही, तिची बाजू कुणी मांडायची?

मोठं घर, देखणा नवरा आणि पहिल्या बायकोचं सावट हा मसाला जुनाच. डॅफ्ने द्यु मोरिएच्या १९३८ च्या 'रेबेका'त तो होता, त्यावर बेतलेल्या वहिदा रेहमानच्या 'कोहरा'तही होता. हूवरची भाषा 'रेबेका'च्या जवळपासही जात नाही. बोल्ड प्रसंग इतक्यांदा येतात की मधली पानं चक्क उलटावीशी वाटतात. पाच वर्षांच्या क्रूच्या मनात काय चाललंय, हेही लेखिकेने नीट उलगडायला हवं होतं. शिवाय लहान मुलांवरच्या क्रौर्याची वर्णनं आहेत, तेव्हा ज्यांना ती झेपत नाहीत त्यांनी लांबच राहिलेलं बरं.

बाकीच्यांनी जरूर वाचा. फक्त एक करा. पत्रापर्यंत पोहोचायच्या आधी, जेरेमीवर आपला एवढा विश्वास नेमका कशामुळे बसला, याची कारणं कागदावर लिहून काढा. यादी फार मोठी होणार नाही.