एक सूचना, तीन नावं

संख्येतले १ असलेले बिट मोजणारी 'पॉपकाउंट' ही सूचना इंटेलच्या प्रोसेसरांत २००८ च्या नेहालेमपासून आहे. सी भाषेतून ती वापरायला गेलं की इंटेलच्या मार्गदर्शिकेत एक नाव, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये दुसरं, जीसीसीत तिसरं. इथवर चालतं, पत्ता उल्हासनगर-४ लिहा की कॅम्प ४, पिन ४२१००४ असला की टपाल पोचतं. खरा घात होतो तो एकाच कामाच्या वाटणाऱ्या नावांत. जीसीसीचं 'सीएलझेड' डावीकडची शून्यं मोजतं, मायक्रोसॉफ्टचं 'बिटस्कॅनरिव्हर्स' सर्वांत वरच्या १ ची जागा सांगतं. ३२ बिटांत लिहिलेल्या १ साठी पहिलं ३१ देतं, दुसरं ०. कोड हलवताना एकाचं उत्तर दुसऱ्याच्या जागी तसंच वापरलं, तर तक्रार न करता चुकीचं उत्तर येतं. आणि दिलेली संख्याच शून्य असेल, तर 'सीएलझेड'च्या उत्तराची जीसीसी हमीच देत नाही; ती तपासणी आपण आधी लिहायची.