विजोड वाटसरू

चित्रपटांत एक कथानक पुन्हा पुन्हा येते. स्वभावाने अगदी भिन्न अशी दोन माणसे काही कारणाने एकाच प्रवासास निघतात. एक शिस्तीचा, तर दुसरा अघळपघळ. एक अबोल, तर दुसऱ्याच्या जिभेला विसावा नाही. गाडी चुकते, पैसे संपतात, खाण्यावरून कुरबुर होते आणि प्रेक्षक पोट धरधरून हसतात. 1972 सालचा ‘बॉम्बे टू गोवा’ हा हिंदी चित्रपट तर अशा विजोड प्रवाशांनी भरलेल्या एका बसवरच उभा आहे. अशा कथेत निराळा खलपुरुष लागत नाही. ते काम वाटच करते. घरी मनुष्य आपापल्या सोयीने वागू शकतो. वाटेवर ऊन, तहान आणि थकवा दोघांनाही सारखेच गाठतात. मात्र प्रत्येक जण त्यांना आपल्या रीतीने तोंड देतो, आणि तेथेच त्याचा खरा स्वभाव उघडा पडतो.

ही युक्ती काही चित्रपटाने शोधून काढलेली नव्हे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी पंढरपुराहून अशीच एक जोडी तीर्थयात्रेस निघाली होती. त्या प्रवासाचे वर्णन ‘तीर्थावळी’च्या अभंगांत आहे. हे अभंग संत नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांतील सर्वच त्यांचे की काही मागाहून रचलेले, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

जोडी पाहावी तर किती विजोड! ज्ञानेश्वर आईबापांवाचून वाढलेले, ब्रह्मचारी, योगी. 1290 साली त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ पूर्ण केली, तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. नामदेव त्यांच्याहून सुमारे पाच वर्षांनी वडील, शिंप्याच्या कुळातले आणि बायकामुलांचे संसारी. देवाशी ते लेकरासारखे भांडत. पंढरपूर सोडणे त्यांच्या जिवावर येई. ज्ञानेश्वरांनी यात्रेची गोष्ट काढताच, सारी तीर्थे या विठ्ठलाच्या पायांशीच असताना आणखी कोठे जावयाचे, असा त्यांचा प्रश्न. चित्रपटातील सोबती बहुधा योगायोगाने एकत्र पडतात. येथे मात्र ज्ञानेश्वरांना नामदेवांचीच संगत हवी होती. अखेर विठ्ठलानेच त्यांचा हात ज्ञानेश्वरांच्या हाती दिला, असे अभंगांत वर्णन आहे. नामदेव निघाले, पण मागे वळून पाहत आणि डोळे पुशीत.

पुढे मारवाडच्या निर्जळ प्रदेशात दोघांनाही तहान लागली. विहीर दिसली, पण पाणी फारच खोल. ज्ञानेश्वरांनी योगबळाने सूक्ष्म रूप घेतले, आत उतरून पाणी प्यायले आणि नामदेवांसाठीही आणून देऊ केले. नामदेव ते घेईनात! ते तेथेच बसून विठ्ठलाचा धावा करू लागले, तेव्हा विहीर खालून भरत आली आणि काठावरून वाहू लागली, अशी कथा आहे. चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला, तरी दोघांचे स्वभाव किती नेमके उमटले आहेत पाहा! एकाने मार्ग काढला, दुसऱ्याने हट्ट धरला. योगी थोर की भक्त, हा मोठा वाद येथे एका विहिरीच्या काठावर येऊन ठेपला. ज्ञानेश्वर मात्र वाद घालीत बसले नाहीत. मित्राच्या भक्तीचे त्यांनी मनापासून कौतुक केले.

नामदेवांच्या वाट्यास कौतुकच आले असे नाही. गोरा कुंभारांकडे संतमंडळी जमली असता, मडकी पारखण्याच्या थापटीने गोरोबांनी एकेकाचे डोके ठोकून पाहिले. बाकीचे शांत राहिले; नामदेव तेवढे कुरकुरले. झाले! हे मडके कच्चे, असा निवाडा मिळाला. रुसलेल्या नामदेवांना पुढे विसोबा खेचर हे गुरू लाभले. ही हकिकत सांगताना कीर्तनकार आजही श्रोत्यांना हसवितात.

ही सोबत फार काळ टिकली नाही. 1296 साली ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. त्या वियोगाचे वर्णन ‘समाधी’च्या अभंगांत आहे, आणि तेही नामदेवांच्याच नावावर आहेत. त्यानंतर पंढरपूर सोडताना रडणारे हे नामदेव पुन्हा उत्तरेकडे गेले. पंजाबातील घुमान या गावी त्यांचे स्थान आहे, आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत.