बंपर उघडल्याशिवाय सौदा करू नका

आज बचतीचा हप्ता नाही की कर्जाचं व्याज नाही, तरी विषय पैसे वाचवण्याचाच आहे. आपल्या खापरखेड्यात वीज केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, राखेच्या गाड्या, अन् त्यांच्यामधून वाट काढत जाणारी आपली माणसं. अशा रस्त्यावर कधी ना कधी मागून धक्का बसतोच. बसला तर काय करायचं, ते आज समजून घेऊ.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी सहा वर्षं जुनी कार आहे. मागच्या श्रावणात कोराडीकडून येताना गाय आडवी आली. भाऊंनी ब्रेक मारला अन् मागून एक पिकअप येऊन धडकली. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "माझीच चूक आहे ताई. बंपरच तं चेपला, हे घ्या तीन हजार अन् जाऊ द्या." ताईंना त्याची दया आली. पैसे घेतले, विषय संपला.

चार दिवसांनी डिक्कीत पाणी साचलं. गॅरेजमध्ये बंपर काढला, तेव्हा आतला लोखंडी पट्टा वाकलेला, डिक्कीचा तळ चेपलेला अन् सायलेन्सरचा हुक तुटलेला. खर्च सांगितला एकोणीस हजार! ते पैसे मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले होते. पिकअपचा नंबर मात्र कोणीच लिहून घेतला नव्हता.

वरून बरं, आतून चेपलेलं

बंपर प्लास्टिकचा असतो. धक्का बसला की तो आत दबतो अन् पुष्कळदा पुन्हा जागेवर येतो. वरून नुसता ओरखडा दिसतो. धक्क्याचा जोर मात्र मागच्या लोखंडी पट्ट्याने अन् पत्र्याने झेललेला असतो. म्हणून गाडी सपाट जागी उभी करून पाहा. डिक्की पहिल्यासारखी लागते का? तिच्या दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का? स्टेपनीच्या खालचा पत्रा चुरगळला आहे का? मागचे दिवे लागतात का? खाली पेट्रोल टपकतं का?

सायलेन्सर तुटला अन् डिक्कीलाही फट पडली, तर धूर गाडीच्या आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड नावाच्या विषारी वायूला वास नसतो. त्यामुळे अशी गाडी काचा लावून चालवणं जिवावर बेतू शकतं. डिक्कीत गॅसची टाकी असेल तर ती जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय गाडी वापरू नका.

रस्त्यावरची पहिली पंधरा मिनिटं

आधी माणसं, मग गाडी. कोणाला लागलं असेल तर १०८ ला किंवा ११२ ला फोन लावा. मागून धक्का बसला की मानेला झटका बसतो, अन् दुखणं कधी कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. मान आखडली, हाताला मुंग्या आल्या तर मालिश करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग मोबाईल काढा. दोन्ही गाड्या जागेवर असतानाच फोटो घ्या. समोरच्या गाडीचा नंबर, तुमच्या गाडीचा मागचा भाग, रस्ता अन् आजूबाजूची खूण, सगळं फोटोत येऊ द्या. त्यानंतरच गाडी कडेला घ्या अन् चारही दिवे लुकलुकत ठेवा. ड्रायव्हरचं नाव, फोन नंबर अन् लायसन्सचा फोटो मागा. त्याच्या गाडीचा विमा चालू आहे का, हे सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं. पाहणारं कोणी असेल तर त्यांचाही नंबर घ्या.

चूक कोणाची, यावर भांडू नका. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवायची जबाबदारी मागच्याची असते, तसा नियमच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातात कोणाला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं, तर ड्रायव्हरने चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. म्हणून "पोलीस कशाला?" म्हणणाऱ्याचं ऐकून मागे हटू नका. ठाण्यात नोंद करा अन् तिची प्रत घ्या.

समोरचा माणूस पैसे देतोच म्हणाला तर? इतकंच म्हणा, "भाऊ, गॅरेजमध्ये बंपर उघडू द्या, इस्टिमेट येऊ द्या, मग बोलू." अन् आधीच कुठल्या कागदावर सही करू नका.

कोणता विमा, कोणाचा पैसा

कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो कामी येतो, आपली गाडी दुरुस्त करायला एक रुपया देत नाही. आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी पूर्ण विमा लागतो. त्याला आपल्याकडे फर्स्ट पार्टी म्हणतात. आज घरी गेल्यावर पॉलिसीचा कागद काढा अन् त्यावर "ओन डॅमेज" असं लिहिलं आहे का ते पाहा.

तुमचा पूर्ण विमा नसेल तरी वाट बंद होत नाही. चूक समोरच्याची असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मागता येते. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. तो सहा महिन्यांच्या आत करा. तिथे पोलिसांची नोंद, फोटो अन् गॅरेजची पक्की बिलं लागतात.

पूर्ण विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. कंपनीचा सर्व्हेअर गाडी पाहून जाईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. बंपर काढल्यावर आतलं नुकसान निघालं तर तेही त्याला दाखवा. काढलेले जुने भाग क्लेम मिळेपर्यंत फेकू नका.

पण कंपनी सगळं बिल देत नाही. जुन्या गाडीत घसारा कापला जातो. प्लास्टिक-रबरच्या भागांवर निम्मा, काचेवर काहीच नाही. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. समजा सहा वर्षांच्या गाडीचं बिल असं झालं: बंपर ३,०००, दिवा २,०००, पत्रा ६,०००, काच ४,००० अन् मजुरी ५,०००. एकूण २०,०००. कंपनी धरेल बंपरचे १,५००, दिव्याचे १,०००, पत्र्याचे ३,६००, काच अन् मजुरी पूर्ण, म्हणजे १५,१००. लहान कारला त्यातून आणखी १,००० सक्तीने वजा होतात. हातात १४,१००. रंगाचा हिशेब वेगळा. पॉलिसी घेताना "झिरो डेप" जोडलं असेल तर हा घसारा कापत नाहीत.

अन् एक लक्षात ठेवा. वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी २० टक्के, वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. क्लेम केला की ती सूट जाते. म्हणून दोन-तीन हजारांच्या कामासाठी क्लेम करण्याआधी जाणारी सूट किती, ते एजंटला विचारा. खर्च मोठा असेल तर मात्र मागे राहू नका.

गटातल्या बायांसाठी खास सांगते. घरगुती वापराचा विमा असलेली गाडी भाड्याने माणसं किंवा माल न्यायला वापरली अन् तेव्हा अपघात झाला, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. पापड-मसाल्याचा धंदा करणाऱ्यांनी गाडी भाड्याने देण्याआधी पॉलिसी वाचावी.

कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. त्यानंतर विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही.

त्या ताईंनी शेवटी गटातून कर्ज काढलं अन् मुलीची फी वेळेवर भरली. दर महिन्याला हप्ता देताना त्या म्हणतात, "नंबर लिहायला एक मिनिट लागलं असतं बाई." त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही गटाच्या बैठकीत एक काम केलं. सगळ्यांनी आपापल्या पॉलिसीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला अन् कंपनीचा नंबर डायरीत लिहिला. अर्धा तास लागला. तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही हे करा. आमच्याकडे तीन जणींची पॉलिसी कधीची संपलेली निघाली!